एकेका रेणूची साक्ष

दादरच्या शिवाजी पार्कवर मोठी सभा भरली की तिचा गलबला पलीकडे चौपाटीच्या वाळूवरही ऐकू येतो. लोक टाळ्या देताहेत, एवढे तिथून कळते. पण गर्दीतला एखादा पेंगतो आहे, दुसरा मधेच उठून चालला आहे, हे काही त्या आवाजावरून कळायचे नाही. रेणूंच्या बाबतीत शास्त्रज्ञ कित्येक वर्षे असे वाळूवर उभे होते.

जांभळ्या जिवाणूंचेच घ्या. साचलेल्या पाण्यात, जिथे प्राणवायू संपतो तिथे, हे राहतात. वरचे शेवाळ तांबडा नि निळा प्रकाश आधीच खाऊन टाकते. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र त्यातून थोडाफार खाली झिरपतो आणि त्यावर यांचा प्रपंच चालतो! त्यांची प्रकाश वेचणारी यंत्रणा ग्लासगोच्या संशोधकांनी १९९५ साली उलगडली. प्रथिनांच्या चौकटीत हरितद्रव्याच्या जातीचे २७ रेणू, दोन कड्यांत बसलेले. एकात ९, दुसऱ्यात १८. नऊ जण प्रकाश टिपतात आणि सेकंदाच्या सुमारे लाख-कोटीव्या भागात ती ऊर्जा अठरांच्या कड्याला देतात.

हे एकेक कसे पाहायचे? द्रावण इतके पातळ करायचे, की लेसरच्या ठिपक्यात एकच यंत्रणा सापडावी. एकट्या रेणूने शोषलेला प्रकाश टिपण्याची वाट १९८९ साली अमेरिकेत मर्नर आणि काडोर यांनी दाखवली होती. १९९९ साली हॉलंडमध्ये लायडेनच्या संशोधकांनी उणे २७२ अंशांच्या थंडीत जिवाणूंची ही कडी एकेक करून पाहिली. नऊ जणांत प्रत्येकाचा रंग किंचित निराळा. ज्याची ऊर्जा त्याच्यापाशी. अठरांत मात्र ती सामाईक, साऱ्या कड्याची!

पुढे २०१३ साली स्टॅनफर्डला एकेक यंत्रणा पाण्यातच विजेच्या ओढीने जागेवर धरली गेली. तेव्हा दिसले, की ती एकसारखी उजळत नाही. मधेच मंद होते, पुन्हा उजळते. समुदायात हे सारे मिसळून मध्यम उजेड तेवढा दिसे. ऊन फार झाले तर जास्तीची ऊर्जा टाकून देण्याची ही युक्ती असावी, असा तर्क आहे. मला तो पटतो.

शिक्षक मंडळींनी एक करावे. काचेच्या बरणीत डबक्याचा चिखल, कागदाचे कपटे आणि थोडा अंड्याचा बलक कालवावा, वर डबक्याचेच पाणी घालावे, झाकण सैल ठेवावे आणि बरणी खिडकीत, कडक उन्हापासून दूर मांडावी. काही आठवड्यांनी काचेला जांभळट डाग दिसू लागले, की मुलांना बोलवावे.