पनवेलचं नाव जगभर, पण पेपर वाचायचे तर पैसे भरा

नेहमीसारखे हेडफोन कानात आणि बहुतेक लोकलमध्ये उभे, बरोबर ना? पनवेलच्या बाजूला असाल तर आज एक काम करा. खिडकीतून डोंगरांकडे बघा. माथेरान दिसतंय? प्रबळगड? हवा स्वच्छ असेल तर त्यांच्या कड्यांवर आडव्या रेघा दिसतात. एकावर एक थर, जवळजवळ सपाट, ताटात रचलेल्या भाकऱ्यांसारखे. हा लाव्हा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक लोट येत गेले, थंड होत गेले, त्यांचे हे थर.

आता गंमत अशी, की हेच थर पनवेलच्या पट्ट्यात आले की सपाट राहत नाहीत. पश्चिमेला, समुद्राकडे कलतात. उरण, घारापुरी, मुंबई, सगळीकडे कातळ समुद्राच्या दिशेने झुकलेला. हा कललेला पट्टा सुमारे १५० किलोमीटर लांब आहे आणि जगभरच्या भूशास्त्रात त्याला म्हणतात 'पनवेल फ्लेक्शर'. फ्लेक्शर म्हणजे वाक, बाक. आपल्याकडे पनवेल म्हटलं की ट्रॅफिक आणि फार तर फार्महाऊस आठवतात. तिकडे कुणीतरी जर्मन विद्यार्थी परीक्षेत पनवेलवर उत्तर लिहीत असेल!

मला हे कळलं ते खूप उशिरा. शाळेत 'दख्खनचे पठार, काळी मृदा, कापूस' यापलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा उत्साहात रात्री अकरा वाजता मोबाइलवर शोधत बसलो. २०१४ चा एक पेपर सापडला, आयआयटी मुंबईच्या शास्त्रज्ञांचा. भाईंदरच्या पुढे डोंगरी नावाचं गाव आहे, तिथल्या ऱ्हायोलाइट नावाच्या खडकाचं वय त्यांनी काढलं होतं. आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून वय काढतात, ती पद्धत. उत्तर आलं ६ कोटी २६ लाख ते ६ कोटी २९ लाख वर्षं. आणि हा खडकसुद्धा पश्चिमेला कललेला आहे.

इथे जरा थांबा, कारण यातला तर्क मला फार आवडतो. खडक कललेला आहे म्हणजे आधी खडक तयार झाला, मग कलला. खडकाचं वय सुमारे ६ कोटी ३० लाख असेल, तर हा बाक त्यानंतर तरी पडला, किंवा त्यानंतरही पडत राहिला. त्याआधीच्या एका अभ्यासात म्हटलं होतं की बाक साडेसहा ते ६ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच पूर्ण झाला. ते जमत नाही. एका गावातल्या एका खडकाने अख्ख्या किनाऱ्याचं वेळापत्रक बदललं! आणि हा साधासुधा किनारा नव्हे. आज आफ्रिकेजवळ असलेली सेशेल्स बेटं तेव्हा आपल्यापासून तुटून निघत होती.

तर मी उत्सुकतेने 'पूर्ण लेख' वर बोट ठेवलं. आणि कुलूप. परदेशी प्रकाशक, डॉलरमध्ये किंमत, आपल्या पैशात अडीच-तीन हजारांच्या घरात. एका पीडीएफसाठी! खडक भाईंदरचा, बाक पनवेलचा, आयआयटी आपल्या करातून चालणारी, आणि वाचायचं तर कार्ड नंबर टाका. सारांश तेवढा फुकट होता. तुम्हाला वर जे सांगितलं ते त्या सारांशातलं.

मग दुसरा पेपर सापडला, २०१७ चा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे हृषिकेश सामंत, आयआयटीचे हेतू शेठ आणि त्यांचे सहकारी. विषय घारापुरी, म्हणजे आपली एलिफंटा. आपण सगळे तिथे शाळेच्या सहलीला जाऊन त्रिमूर्तीसमोर फोटो काढून आलोय. यांनी काय केलं? लेण्यांच्या बेटावरचा कातळ पाहिला आणि तिथे दोन मोठे विभंग दाखवले, जे आधी कुणी नोंदवलेच नव्हते. विभंग म्हणजे खडकात पडलेली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या आहेत. सरकताना दगड दगडावर घासतो, त्याचे चकचकीत ओरखडे राहतात. त्या ओरखड्यांची दिशा मोजली की जमीन कुठल्या दिशेने सरकली ते कळतं. इथे ती सरळ खाली न जाता तिरकी सरकली होती. अलिबाग-उरणकडून येणारा एक विभंगपट्टा आधीपासून माहीत होता, घारापुरीचे विभंग त्याचंच उत्तरेकडचं टोक असू शकतात असं ते म्हणतात.

म्हणजे पनवेलचा बाक हा नुसती वाकलेली सतरंजी नाही. तो पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला आहे. आणि पेपरच्या सुरुवातीलाच एक वाक्य आहे जे पनवेलकराने वाचायला हवं: बारीकसारीक भूकंपांवरून दिसतं की या पट्ट्याखाली विभंग आजही हालचाल करताहेत, म्हणून इथली रचना नीट समजून घेणं गरजेचं आहे. घाबरवत नाहीये. 'पनवेल भूकंपाच्या छायेत' असं शीर्षक देऊन व्हिडिओ करणारे बरेच आहेत, मला त्यात पडायचं नाही. पण ज्या पट्ट्यावर आपण टॉवर बांधतोय, विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, त्याच्याखाली काय आहे हे वाचता यावं, एवढी अपेक्षा तर रास्त आहे ना?

आणि हा पेपर वाचता येतो. फुकट. कारण तो 'जर्नल ऑफ अर्थ सिस्टिम सायन्स'मध्ये आहे, बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात. ही अकादमी सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये सुरू केली, आणि तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ उघड्या आहेत. तोच बाक, त्याच आयआयटीतले शास्त्रज्ञ, फक्त छापलं कुठे एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, सरकारने ते 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलंय की. आणलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं, तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास नियतकालिकं. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं. सरकारी विद्यापीठात किंवा सरकारी कॉलेजात असाल तर आजच लायब्ररीत जाऊन लॉगिनचं विचारा, लाजू नका. पण खाजगी कॉलेजातली मुलं पहिल्या टप्प्यात नाहीत. आणि ज्याचं कॉलेज संपलं, जो ग्रामपंचायतीत आहे, जो पत्रकार आहे, तो दाराबाहेरच. माझं मत विचाराल तर हे कुलूप उघडणं नाही, आपल्या काही लोकांसाठी किल्ल्या भाड्याने घेणं आहे. दुसरा रस्ता म्हणजे लेखकानेच पैसे भरून लेख खुला करायचा. 'नेचर'ने २०२० मध्ये त्यासाठी ९,५०० युरो सांगितले होते. आपल्या कॉलेजातल्या प्राध्यापकाने ते कुठून आणायचे?

तोवर चोख कायदेशीर वाटा आहेत. 'शोधगंगा'वर भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध कुणालाही वाचता येतात. 'रायगड' टाकून बघा, रात्र जाईल. गुगल स्कॉलरवर लेखाखाली 'ऑल व्हर्जन्स' दाबा, कधीकधी लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत मिळते. आणि सगळ्यात सोपं, लेखकाला सरळ मेल करा. त्या अडीच हजारांतला रुपयाही त्यांना मिळत नसतो. आपला पेपर कुणीतरी मागतंय याचाच बहुतेकांना आनंद होतो.

एक गोष्ट मात्र मला छळते. १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळवाडी. पनवेलहून इर्शाळगड दिसतो, त्याच्या पायथ्याची ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे विधानसभेत सांगितलं गेलं. आता, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे 'भूकोश' पोर्टलवर आहेत, नोंदणी केली की मोफत. तिथे कुलूप नाही. पण ते इंग्रजीत आहेत, उघडायला लॅपटॉप हवा, आणि रंग वाचायला भूशास्त्र. वाडीतल्या माणसाने ते कसं वाचायचं? म्हणजे फुकट असणं ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी कुणीतरी मराठीत बसून करायला लागते, आणि ते काम कुणाच्याच नोकरीत लिहिलेलं नाही.

पुढच्या भागासाठी मी घारापुरीचा तो पेपर प्रिंट काढून बेटावर घेऊन जाणार आहे. ओरखडे सापडतात का बघतो. यायचं असेल तर मेसेज टाका, गेटवेहून लाँच पकडू. फक्त सोमवार नको, सोमवारी लेणी बंद असतात.