अहवालाची प्रतीक्षा

पूर्वी वैद्यबुवा घरी येत, नाडी धरीत, जीभ पाहत आणि तेथल्या तेथे निदान सांगून मोकळे होत. ते निदान बरोबर असो वा चुकीचे असो, घरातल्या माणसांना उत्तर मिळे आणि पुढच्या शुश्रूषेला लागता येई. विषाणूजन्य रोगांनी ही रीत बदलून टाकली. ताप, खोकला, घसादुखी ही लक्षणे दहा रोगांना सारखीच. त्यांतून नेमका विषाणू ओळखायचा, तर नाकातला किंवा घशातला स्राव घेऊन तो प्रयोगशाळेकडे धाडावा लागतो; आणि उत्तर येईपर्यंत रोगी, त्याचे घर आणि त्याची आळी या तिघांनाही जीव मुठीत धरून बसावे लागते. या प्रतीक्षेविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहे ते तंजावरचे.

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य नांदले. तेथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, आणि मंदिराचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही त्याच घराण्याकडे आहे. या मंदिरात ५ फेब्रुवारी २०२० रोजी कुंभाभिषेक झाला. तेवीस वर्षांनी आलेला तो सोहळा. लक्षावधी भाविक लोटले. त्याच्या अवघे सहा दिवस आधी, ३० जानेवारीला, शेजारच्या केरळात त्रिशूर येथे भारतातला पहिला कोरोनाबाधित रुग्ण आढळला होता. वुहानहून परतलेल्या एका विद्यार्थिनीला ती बाधा झाली होती, आणि तिच्या नमुन्याचे निदान झाले ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत.

तंजावरच्या त्या गर्दीत कोणी बाधित होते, असे मी सुचवीत नाही. सांगावयाचे आहे ते इतकेच की, त्या दिवशी त्या गर्दीतल्या एखाद्याच्या मनात शंका आली असती, तर तिचे निरसन करण्याचे साधन त्या गावात नव्हते. या नव्या विषाणूची तपासणी भारतात आरंभी एकट्या पुण्यात होत असे, आणि पुणे तंजावरापासून हजार किलोमीटरांहून अधिक दूर. फेब्रुवारीत चेन्नईच्या गिंडी भागातील किंग संस्थेने हे काम हाती घेतले. तीही तंजावरापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर. कावेरीच्या खोऱ्यातल्या एखाद्या खेड्यातला नमुना बर्फाच्या पेटीत बसून इतका प्रवास करणार, तेथे रांगेत थांबणार आणि मग त्याचे उत्तर परत येणार!

पुढच्या घटना वेगाने घडल्या. ७ मार्च रोजी तमिळनाडूत पहिला रुग्ण आढळला. १७ मार्चपासून पुरातत्त्व खात्याची देशभरातील स्मारके बंद झाली, त्यांत बृहदीश्वरही आले. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून सारा देश घरात बसला. या सर्व काळात लोकांच्या ओठांवर एक प्रश्न होता: तपासण्या इतक्या थोड्या का? आरंभीचा नियम असा होता की, परदेशातून आलेला माणूस आणि बाधिताच्या सहवासात आलेला माणूस, यांनाच लक्षणे दिसल्यास तपासावे. श्वसनाच्या तीव्र विकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या सर्वांना तपासावे, असा आदेश निघाला तो २० मार्चला. तत्पूर्वी १६ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी प्रत्येक संशयिताची तपासणी करण्याचा आग्रह सर्व राष्ट्रांना धरला होता. ज्याला शोधलेच नाही तो सापडणार कसा, हे सामान्य माणसाचे म्हणणे आणि त्या संघटनेचे म्हणणे यांत फार अंतर नव्हते.

आता हा विलंब कशाने होतो, हे थोडे समजून घेऊ. या विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यातच जगापुढे आली, आणि बर्लिनच्या ख्रिस्तियान ड्रोस्टेन यांच्या चमूने सिद्ध केलेली तपासणीची कृती त्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेने प्रसृत केली. तिचे नाव आरटी-पीसीआर. विषाणूचा आरएनए म्हणजे त्याचा वंशलेख. तो स्रावातून वेगळा काढायचा, त्याचे डीएनएत रूपांतर करायचे आणि मग यंत्रात तापवून-निववून त्याच्या प्रती काढायच्या. दर फेरीला प्रती दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोहोंच्या चार, असे करीत तिसाव्या फेरीला शंभर कोटींचा आकडा ओलांडतो. म्हणून रोग्याच्या घशात विषाणू चिमूटभरही नसला तरी यंत्राला तो दिसतो. या साऱ्या खटाटोपाला काही तासच पुरतात. मग अहवाल यायला दिवस का लागत? दिवस लागत ते वाटेत, रांगेत आणि फेरतपासणीत. आरंभीच्या काळात स्थानिक प्रयोगशाळेने बाधा आहे असे म्हटले, तरी त्यावर पुण्याची मोहोर उमटेपर्यंत ते पक्के धरले जात नसे. त्या सावधगिरीला कारण होते. एका चुकीच्या उत्तराने एखादे निरोगी कुटुंब वाळीत पडले असते, किंवा एखादा बाधित माणूस निर्धास्तपणे बाजारात फिरला असता.

श्रोतेहो, अशा वेळी लोकांच्या चिंतेला घबराट म्हणून हिणवण्याची एक सवय शहाण्या माणसांना असते. ही चिंता अडाणीपणाची होती काय? पुण्याचाच दाखला घेऊ. ऑगस्ट २००९ मध्ये तेथे स्वाइन फ्लूची साथ आली. त्या रोगाचा देशातला पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यातच पडला. तेव्हाही तपासणीच्या सोयी मोजक्याच होत्या, आणि नायडू रुग्णालयाबाहेर लोकांच्या रांगा लागल्या. परंतु त्या रोगावर ओसेल्टामिवीर हे औषध हाताशी होते. त्यामुळे त्याच महिन्यात शासनाने रोग्यांचे वर्ग पाडून असे ठरविले की, सौम्य लक्षणांच्या रोग्याला तपासू नये, आणि ज्याला धोका अधिक त्याला अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे. उपचार निदानाच्या पुढे धावू शकला, आणि रांगा ओसरल्या. २०२० साली ही पळवाट नव्हती. औषध नव्हते, लस नव्हती. बाधित कोण हे ओळखून त्याला वेगळे ठेवणे, एवढाच काय तो उपाय होता. म्हणजे अहवाल हेच औषध होते. औषध चार दिवस उशिरा येत असेल तर घरच्या माणसांनी अस्वस्थ होऊ नये, असे कोण म्हणेल?

मात्र अस्वस्थतेपोटी केलेली घाईही महाग पडते, हेही त्याच वर्षाने दाखविले. अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्राच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात राज्यांच्या प्रयोगशाळांना तपासणी-संच धाडले. त्यांतला एक घटक सदोष निघाला, आणि इतर प्रयोगशाळांना स्वतःच्या कृती वापरण्याची मोकळीक मिळेपर्यंत २९ फेब्रुवारी उजाडला. आपल्याकडे एप्रिलमध्ये चीनहून रक्त तपासणारे जलद संच आले. बोटाच्या टोकाशी रक्ताचा थेंब, आणि घटकाभरात उत्तर! लोकांना वाटले, सुटलो. पण रक्तातली प्रतिपिंडे बाधेनंतर आठवडाभराने किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतात, तेव्हा ताज्या रोग्याला ओळखण्याचे ते साधनच नव्हते. शिवाय निरनिराळ्या राज्यांत त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळेनात. २१ एप्रिलला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा वापर थांबवायला सांगितला आणि २७ एप्रिलला ते परत करण्याचा आदेश काढला. खोटे उत्तर लवकर मिळाले म्हणून ते उपयोगी ठरत नाही.

विलंब नको, घाईही नको. मग करावे काय? या प्रश्नाचे उत्तर साथीच्या दिवसांत शोधू गेल्यास सापडत नाही. ते साथीच्या आधीच्या शांत वर्षांत दडलेले असते. दक्षिण कोरियाने २०१५ साली मर्स रोगाचा तडाखा खाल्ला होता. पहिल्या रोग्याचे निदान होण्याआधी तो अनेक दवाखाने फिरला, आणि अखेरीस १८६ जणांना बाधा होऊन ३८ दगावले. त्या देशाने तेव्हाच कायदा बदलला आणि आणीबाणीत नव्या तपासण्यांना त्वरित मान्यता देण्याची वाट मोकळी केली. म्हणून २०२० मध्ये ४ फेब्रुवारीलाच तेथे पहिला संच मान्य झाला. तो वेग त्या फेब्रुवारीचा नव्हता. पाच वर्षांपूर्वीच्या दुःखातून तो आला होता.

आपलीही पाटी अगदी कोरी नव्हती. चेन्नईची किंग संस्था १८९९ सालची. देवीच्या लशीसाठी ती नावाजली होती. पुण्याची संस्था १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र म्हणून निघाली, आणि पाचच वर्षांनी कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा त्या नव्या रोगाचा विषाणू तिनेच शोधून काढला. २००९ च्या अनुभवानंतर देशभर विषाणू-निदान प्रयोगशाळांचे जाळे विणण्याची योजना २०१३ मध्ये हाती घेण्यात आली, आणि २०२० च्या आरंभी अशा शंभरावर प्रयोगशाळा उभ्या होत्या. त्यांना रसायने आणि प्रशिक्षण मिळताच काम सुरू झाले. मार्चच्या चौथ्या आठवड्यात पुण्याच्याच मायलॅब कंपनीचा देशी संच मान्य झाला. तो सिद्ध करणाऱ्या चमूचे नेतृत्व मीनल दाखवे-भोसले यांनी केले होते. तमिळनाडूतही एकेका जिल्ह्याची पाळी येत गेली. चेन्नईनंतर थेनी, तिरुवारूर अशी केंद्रे उघडली, आणि मग खुद्द तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होऊ लागली. ६ जुलैला देशातील तपासण्यांनी एक कोटीचा आकडा गाठला, तेव्हा प्रयोगशाळांची संख्या अकराशेवर गेली होती. जानेवारीत एक, जुलैत अकराशे! हे कर्तृत्व लहान नाही. तरीही मनात येतेच की, यांतल्या शे-दोनशे प्रयोगशाळा फेब्रुवारीतच कामाला लागल्या असत्या, तर कितीतरी घरांची झोप उडाली नसती.

येथे तंजावरच्याच एका राजाची आठवण होते. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेलेला. सत्ता किल्ल्यापुरती उरलेली. दुसऱ्या एखाद्याने उरलेले दिवस शिकारीत आणि नाचगाण्यांत घालविले असते. सरफोजींनी धन्वंतरी महाल चालविला. तेथे देशी आणि युरोपीय वैद्यकाचे जाणकार एकत्र बसत, औषधे पारखून घेत. गुणकारी ठरलेले उपचार तमिळ पद्यांत गुंफून ठेवले गेले, आणि ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते आजही ओळखले जातात. नेत्ररोग्यांची टिपणे तर सचित्र आहेत: रोग्याला काय होत होते, डोळा कसा दिसत होता, शस्त्रक्रियेनंतर काय झाले. सरस्वती महालात ही टिपणे जपून ठेवलेली आहेत. आरटी-पीसीआरशी त्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे तो वृत्तीचा. आधी पारखावे, मग लिहावे आणि लिहिलेले जपावे, ही शिस्त त्या महालात कोणत्याही संकटाने दाराशी येऊन शिकविलेली नव्हती. निवांत काळात, हौसेने आणि पदरच्या खर्चाने ती जोपासलेली होती.

प्रयोगशाळेचे दुर्दैव असे की, साथ नसताना ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पुलाचे उद्घाटन होते, धरणाचे होते. थंड पेटीत नीट ठेवलेल्या रसायनांचे कोण करणार? साथ ओसरली की यंत्रांवर धूळ बसते, हंगामी तंत्रज्ञांना घरी पाठविले जाते, आणि पुढची साथ येते तेव्हा नमुना पुन्हा बर्फाच्या पेटीत बसून दूरच्या शहराकडे निघतो. जिल्ह्याच्या गावी विषाणू ओळखणारी माणसे आणि यंत्रे कायमची राहिली पाहिजेत. डेंग्यू, कावीळ, गोवर यांच्यासाठी ती रोज कामात असली, म्हणजे नव्या विषाणूच्या वेळी ती गंजलेली नसतील.

दुसरी गोष्ट खर्चाची नाही, शब्दाची आहे. ज्या माणसाचा स्राव घेतला, त्याला उत्तर केव्हा मिळेल, कोठून मिळेल आणि तोवर त्याने कसे वागावे, हे त्याच वेळी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. तीन दिवस लागणार असतील तर तीन दिवस म्हणावे. चार लागले तर चौथ्या दिवशी निरोप धाडावा. बाधा नाही असे उत्तर आले, तरी फार लवकर घेतलेल्या नमुन्यात विषाणू हुकू शकतो, हेही झाकून ठेवू नये. आपली माणसे वाट पाहायला भीत नाहीत. पावसाची वाट पाहण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना धीर धरायला कोणी शिकविण्याची गरज नाही. त्यांना सोसत नाही ती अंधारातली प्रतीक्षा. तिच्यात अफवा वाढतात, शेजारी शेजाऱ्याला दार बंद करतो, आणि विषाणू जाऊन कित्येक दिवस लोटले तरी मनातली अढी जात नाही.

पुढली साथ केव्हा येईल आणि कोठून येईल, हे कोणालाच सांगता येणार नाही. ती आली, तर तंजावरच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या आईला आपल्या तापलेल्या मुलाविषयीचे खरे उत्तर किती तासांत मिळेल, हे मात्र आज ठरविता येते. ते साथीच्या वर्षात ठरत नसते; ज्या वर्षी साथ नसते त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ते ठरते.