बांधावर करवंदाचे जिवंत कुंपण



राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा, चंदगड या भागाला करवंदीच्या जाळ्या नवीन नाहीत. मे महिन्यात डोंगरची काळी मैना पाटीत भरून बाजारात येते. परंतु रान साफ करताना आपण प्रथम हीच जाळी तोडतो आणि मग तारेच्या कुंपणावर पैसे घालतो.

रोपवाटिकांत 'कॅरिसा' नावाचे एक शोभेचे झुडूप मिळते. ते करवंदाचे आफ्रिकन भावंड. दक्षिण आफ्रिका व मोझांबिकच्या समुद्रकाठच्या झाडीत ते आपोआप वाढते. पांढरी सुवासिक फुले, दुभंगलेले काटे आणि लाल, मोठी फळे ही त्याची ओळख. खारा वारा ते चांगला सोसते. तिकडे त्याची कुंपणे करतात. मात्र मूळ प्रदेशाबाहेर परागीभवन नीट न झाल्याने फळे कमी धरतात. बुटक्या जाती तर केवळ शोभेच्या. म्हणून बांधासाठी रोप घेताना नाव विचारूनच घ्यावे. आपल्या माळाला आपले करवंदच योग्य.

करवंद हलक्या, मुरमाड व जांभ्या जमिनीत येते. पाणी साचणारी जागा टाळावी. पूर्ण पिकलेल्या फळांचे बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत पेरावे. साठवलेल्या बियांची उगवण घटते. पुढील वर्षी पावसाच्या सुरुवातीस एक फुटाचे खड्डे घेऊन, शेणखत घालून, दोन ते तीन फुटांवर रोपे लावावीत. शेजाऱ्याच्या हद्दीपासून थोडे आत लावावे, म्हणजे छाटणीवरून वाद होत नाहीत. पहिला उन्हाळा पाणी द्यावे व शेळ्यांपासून जपावे. शेंडे खुडल्यास जाळी बुडापासून दाट होते.

फळांचे उत्पन्नही हवे असल्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात लावावी. कच्च्या फळांचे लोणचे, पिकलेल्यांचे सरबत व जेली होते. छाटणी फळे निघाल्यावरच करावी.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. हे कुंपण मोकाट जनावरे अडवील, पण गवा किंवा हत्ती अडवणार नाही. दुसरे, करवंद आणि कण्हेर एकाच कुळातील असून दोहोंना पांढरा चीक असतो. कण्हेर अत्यंत विषारी आहे. त्यामुळे दोन्ही एकाच बांधावर लावू नयेत आणि अनोळखी झुडपाचे फळ मुलांना खाऊ देऊ नये.

यंदा बांधावरची एक तरी जाळी राखा आणि तिचे बी धरा. तीन-चार वर्षांत कुंपण उभे राहील.