मुलांसह मोटारीनें नेपाळास

दिवाळीची सुटी जवळ आली कीं घरोघर प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वीं गोंदियाच्या कुटुंबांत या गोष्टींचा शेवट पचमढी किंवा फार तर जगन्नाथपुरी येथें होत असे. आतां पुष्कळ घरांपुढें मोटार उभी असते, रस्तेही सुधारले आहेत, आणि स्वतःच्या मोटारींत बसून एखादा परदेश पाहून यावा, ही इच्छा कोणास वेडगळ वाटत नाहीं. परदेश म्हटला कीं डोळ्यांपुढें समुद्र आणि विमान उभें राहतें. परंतु गोंदियाच्या मनुष्यास समुद्र न ओलांडतां, आपल्याच मोटारीनें गांठतां येईल असा एक परदेश आहे. तो म्हणजे नेपाळ. बालाघाट, जबलपूर, रीवा, वाराणसी आणि गोरखपूर या मार्गानें सोनौलीची सरहद्द हजार किलोमीटरांच्या आसपास पडते.

या प्रवासाची आखणी कशी करावी, आणि विशेषतः ज्या घरांत तेरा ते अठरा वर्षांचीं मुलें आहेत त्या घरानें ती कशी करावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. लहान मूल आईचा पदर धरून कोठेंही येतें. प्रौढ मनुष्य आपल्या इच्छेनें येतो. या मधल्या वयाचें मूल मात्र आणलें म्हणून येतें, आणि मोटारीच्या मागल्या आसनावर कानांत इअरफोन घालून मुकाट्यानें बसून राहतें. वडील म्हणतात, 'एवढा खर्च केला, आणि यांचें लक्ष नाहीं!' मुलें मनांत म्हणतात, 'आम्हांस विचारलें कोणीं?' दोघांचेंही म्हणणें खरें असतें. यावर उपाय एकच. प्रवास ठरल्यावर मुलांस सांगूं नये; प्रवास ठरविण्याचें कामच त्यांच्याकडे द्यावें.

मौजेची गोष्ट अशी कीं, हें मधलें वय सरकारी नियमांनींही ओळखलेलें आहे. नेपाळांत जाणाऱ्या भारतीय नागरिकास व्हिसा लागत नाहीं. १९५० च्या तहापासून उभय देशांचे संबंध या बाबतींत मोकळे आहेत. परंतु ओळखीचा पुरावा लागतो, आणि पुष्कळ कुटुंबें येथेंच फसतात. आधार कार्ड असलें म्हणजे झालें, असा सर्वत्र समज आहे. वस्तुतः तशा प्रकारचा छायाचित्रासहित पुरावा पंधरा वर्षांखालील मुलांस आणि पासष्ट वर्षांवरील वृद्धांस चालतो. इतर प्रौढांनीं पासपोर्ट अथवा निवडणूक आयोगाचें मतदार ओळखपत्र जवळ बाळगावें. मग सोळा वर्षांच्या मुलीनें काय करावें? ती आधारावर जाण्याइतकी लहान नाहीं आणि मतदार होण्याइतकी मोठी नाहीं. तिच्याजवळ पासपोर्ट नसेल, तर पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठीं शाळेच्या मुख्याध्यापकांनीं विहित नमुन्यांत दिलेला ओळखीचा दाखला ग्राह्य धरला जातो. सर्व कुटुंब एकत्र प्रवास करीत असल्यास नियमांत कांहींशी सवलत आहे. तथापि सवलतीवर विसंबून हजार किलोमीटर जाण्यापेक्षां दाखला खिशांत असलेला बरा.

मोटारीलाही तिचे कागद लागतात. नोंदणीपुस्तक, चालकाचा परवाना, विमा आणि प्रदूषणाचें प्रमाणपत्र मुळांतून जवळ असावें. सरहद्दीवर नेपाळच्या जकात कचेरींत, म्हणजे तेथील भाषेंत 'भन्सार' येथें, मोटार जितके दिवस राहावयाची तितक्या दिवसांचें शुल्क भरून पावती घ्यावी लागते. ही पावती परत येईपर्यंत जपावी, आणि दिवस मोजतांना एखादा अधिक धरावा. घाटांत दरड पडली तर तो उपयोगीं पडतो. विम्याकडे मात्र फार थोड्यांचें लक्ष असतें. भारतांत काढलेला मोटारीचा विमा सरहद्दीपलीकडे आपोआप लागू होत नाहीं. जादा हप्ता भरून त्याची व्याप्ति नेपाळापर्यंत वाढवून घ्यावी लागते. हें काम निघण्यापूर्वींच झालें पाहिजे.

कोणत्या दिवसांत जावें, हा प्रश्न सोयीचा नसून जिवाचा आहे. विदर्भांतील शाळा उन्हामुळें उर्वरित महाराष्ट्रापेक्षां उशिरा, जून महिना संपत आला असतां उघडतात. तेव्हां जूनमधील हे मोकळे दिवस प्रवासास वापरावे असा मोह होतो. तो टाळावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नेपाळच्या डोंगरांत पावसाचा जोर असतो. १२ जुलै २०२४ रोजीं नारायणगढ ते मुग्लिन या रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदींत वाहून गेल्या. त्याच वर्षीं २३ ऑगस्ट रोजीं, पोखऱ्याहून काठमांडूकडे जात असलेली, जळगांव जिल्ह्यांतील यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदींत कोसळली आणि पंचवीसहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. तींही आपल्यासारखींच, घरीं परत येण्याचा दिवस ठरवून निघालेलीं माणसें होतीं. डोंगरांतील नदीकांठचा रस्ता पावसांत कोणाची गय करीत नाहीं, हें त्यावरून शिकावें.

दिवाळीनंतरचे दिवस त्या मानानें उत्तम. आकाश निवळलेलें असतें आणि पोखऱ्याहून अन्नपूर्णेचीं शिखरें व माच्छापुच्छ्रे स्पष्ट दिसतात. आपल्या दिवाळींत तेथें तिहार असतो, आणि आपल्या भाऊबीजेस तेथें भाइटीका. म्हणून भाऊबीज घरीं करून निघावें, म्हणजे तेथील कचेऱ्या उघडलेल्या मिळतात आणि गर्दीही ओसरते. घरांत दहावीचें किंवा बारावीचें मूल असेल तर प्रवास परीक्षेपलीकडे ढकलावा. पुस्तकें मोटारींत घालून नेलीं म्हणजे ना अभ्यास होतो, ना प्रवास. त्याचप्रमाणें निघण्याच्या आठवड्यांत नेपाळांतील परिस्थितीची चौकशी करावी. सप्टेंबर २०२५ मध्यें काठमांडूंत आंदोलन पेटून तेथील सरकार कोसळलें, तेव्हां कित्येक प्रवासी जेथल्या तेथें अडकून पडले होते.

आतां कामाची वांटणी. कागदपत्रांची यादी करणें, प्रत्येकाच्या दोन प्रती काढणें आणि मूळ कागद एका पिशवींत ठेवणें, हें काम सोळा वर्षांच्या मुलीकडे द्यावें. मार्ग ठरविण्याचें काम चौदा वर्षांच्या मुलाकडे द्यावें. मोबाईलवरील नकाशा त्यानें घरींच उतरवून घ्यावा, कारण सरहद्द ओलांडली कीं आपला मोबाईल रोमिंगवांचून मुका होतो. शिवाय कागदाचा नकाशाही असावा. त्याला एकच नियम सांगावा: घाटांत किलोमीटर मोजूं नयेत, तास मोजावेत. बुटवलहून पाल्पामार्गें पोखऱ्यास जाणारा रस्ता नकाशावर वीतभर दिसतो, पण त्यास सबंध दिवस धरावा. अंधार पडल्यावर मोटार चालवावयाची नाहीं, हेंही त्याच्या वहींत पहिल्या पानावर असावें, आणि वडिलांनीं तें मोडूं पाहिल्यास त्यांस अडविण्याचा अधिकार त्याला असावा.

हिशेबही मुलांनींच ठेवावा. शंभर भारतीय रुपयांचे नेपाळी एकशें साठ होतात. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. कोणत्या नोटा चालतात याचे नियम मात्र बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वीं बँकेंत विचारून घ्यावें. नेपाळचें घड्याळ आपल्यापेक्षां पंधरा मिनिटें पुढें असतें. हीं पंधरा मिनिटें आणि हा दीडपटीहून थोडा अधिक भाव सांभाळतां सांभाळतां, परदेश म्हणजे काय, हें मुलांस जितकें कळतें तितकें भूगोलाच्या पुस्तकांतून कळत नाहीं.

पाहण्याच्या स्थळांविषयींही तसेंच. गोंदियाच्या मुलास लुंबिनी परकी वाटण्याचें कारण नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धम्मदीक्षा घेतल्यावर महिनाभरानें डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूच्या बौद्ध परिषदेस उपस्थित होते. वाटेवर वाराणसीजवळ सारनाथ आहे आणि गोरखपूरच्या पूर्वेस कुशीनगर. सोनौलीपासून थोड्याच अंतरावर लुंबिनी. तेथील अशोकस्तंभावरील ब्राह्मी लेखांत, राजा राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षीं स्वतः येथें आला आणि बुद्धाचा जन्म येथें झाला म्हणून त्यानें या गांवाचा कर कमी केला, असें कोरलेलें आहे. आणखी एक ओळखीची गोष्ट तेथें आढळते. महाराष्ट्रांत सारस पक्षी आतां मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांतील भातशेतींतच उरले आहेत. लुंबिनीच्या परिसरांतील शेतांत आणि पाणथळींतही सारस आहेत. आपल्या धानाच्या बांधीवर उभी दिसणारी जोडी परक्या देशांतल्या धानांत दिसली, तर कोणतें मूल कानांतला इअरफोन काढणार नाहीं?

प्रवासांतला एक सबंध दिवस मुलांच्या मर्जीचा ठेवावा. पोखऱ्यास सारंगकोटच्या टेकडीवरून पॅराग्लायडिंग करतात. मुलगा तें मागणार आणि आई नको म्हणणार, हें ठरलेलेंच आहे. हा वाद टेकडीवर नव्हे, घरीं, निघण्याच्या महिनाभर आधीं व्हावा. दोन्ही बाजूंचें ऐकून जें ठरेल तें सर्वांनीं पाळावें.

सर्व कांहीं मुलांस द्यावें. चाक मात्र देऊं नये. मोकळा रस्ता दिसला कीं 'बाबा, दहा मिनिटें मी चालवूं?' असा प्रश्न येतो, आणि लाडानें कधीं होकारही निघतो. अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मोटारीचा परवाना मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलाकडून गाडी चालवितांना गुन्हा घडल्यास पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. परक्या देशांतल्या घाटांत तर कायद्याच्याही आधीं दरी असते. शक्य तर घरांतील परवानाधारक दोघांनीं आळीपाळीनें मोटार चालवावी.

बारावी झाली कीं गोंदियाचीं मुलें नागपूर, पुणें, मुंबई अशीं शिक्षणास पांगतात. सारें कुटुंब एका मोटारींत बसून दहाबारा दिवस एकत्र राहील असे प्रसंग त्यानंतर मोजकेच येतात. म्हणून हा प्रवास करण्याजोगा आहे, आणि नीट करण्याजोगा आहे. ज्यांच्या घरीं या दिवाळीचा बेत आहे त्यांनीं आरंभ मुख्याध्यापकांच्या दाखल्यापासून करावा. शाळा सुटीसाठीं बंद झाली म्हणजे तो मिळणें कठीण. त्यासाठीं करावयाचा अर्ज वडिलांनीं लिहूं नये. ज्याला जावयाचें आहे त्यानेंच लिहावा.