घाटमाथ्यावरून समुद्राकडे
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी जन्मभर समुद्रकिनाऱ्यांची कामं केली, हे ऐकून मघाशी एकाने विचारलं, "बावड्याचा माणूस तू, तुला पोहता तरी येतं का?" नाही येत.

गगनगडाच्या सहलीत आपण कोकणाकडे बघून भांडायचो, ती चकाकणारी रेघ समुद्र की ढग? तेव्हा सर म्हणाले होते, इथला पाऊस घाटाच्या अलीकडे पडला तर कुंभी, पंचगंगा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जातो. पलीकडे पडला तर अरबी समुद्राला. त्यावरून मी इंजिनिअर झालो असं मात्र नाही. प्रवेश मिळाला, गेलो.

समुद्र मला कळायला लागला तो पुण्याला. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ सालापासूनची संस्था. विद्यार्थी म्हणून ते बघायला गेलो होतो. मोठ्या शेडमध्ये अख्ख्या बंदराची प्रतिकृती, आणि पाणी ढकलून लाटा करणारं यंत्र. गंमत अशी, की प्रतिकृती शंभर पट लहान केली तर काळ दहा पटच लहान होतो, शंभराचं वर्गमूळ. समुद्रात दहा सेकंदांनी येणारी लाट तिथे दर सेकंदाला येते. दहा तासांचं वादळ तासाभरात उरकतं. मरीन ड्राइव्हवरचे ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, टेट्रापॉड, तेही १९५० मध्ये फ्रान्सच्या ग्रनोबल शहरात, आल्प्सच्या कुशीत जन्मले. तेव्हा डोंगरातल्या माणसाने लाजायचं कारण नाही.

पण वाळू या हिशेबात बसत नाही. तिचा कण शंभर पट बारीक केला तर ती वाळूच राहत नाही, गाळासारखी चिकटायला लागते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते.

पुढे कोकणातल्या एका गावात धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं काम माझ्याकडे आलं. गावाचं नाव घेत नाही. मी आखणी करत होतो. मासळी वाळत घालणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, पावसाळ्यात वाळू आत जाते, दिवाळीनंतर परत येते, तिला बसायला जागा ठेवा, भिंत मागे घ्या. मागे घ्यायची तर माडांची जागा लागणार, कागदपत्रं वाढणार. मी हसून रेघ होती तिथेच ठेवली.

बंधारा आजही उभा आहे, एक दगड हललेला नाही. पण लाट त्यावर आपटून उलटते आणि पायथ्याची वाळू उकरते. तीन पावसाळ्यांत होड्या ओढायला पुळण उरली नाही. होड्या आता शेजारच्या खाडीत असतात, आणि बायका टोपल्या घेऊन तिथवर चालत जातात. मी पुन्हा गेलो तेव्हा मावशींनी चहा दिला. बंधाऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर कुठल्याही कामावर नकाशा उघडण्याआधी मी गावात विचारतो, दिवाळीनंतर वाळू कुठे बसते?

आता बंधाऱ्याचा एक भाग मागे घेता येईल का, हे बघायला त्या गावाने मला बोलावलंय. उद्या सकाळी करूळ घाटाने उतरणार आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना पोहता येतं, त्यांना आधी संधी.