एका सहीसाठी सगळा माणूस



या परिषदेची अध्यक्ष म्हणून मी थेट विषयाकडे वळते. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावाशी पालनकर्त्याची नोंद असते. ते मूल सज्ञान झाले की अर्ज देऊन ती कमी करता येते. 1890 चा पालक व पाल्य कायदाही याच भरवशावर उभा आहे की मूल एक दिवस मोठे होणार आणि पालकाचा अधिकार संपणार. प्रौढ माणसाच्या पालकत्वाला मात्र अशी तारीख नाही. बौद्धिक अक्षमता असलेली पस्तीस वर्षांची मुलगी असो, डिमेन्शियाने आठवण हरवलेले वडील असोत की अपघातानंतर कोमात गेलेला नवरा असो, पालक एकदा नेमला की बहुतेक वेळा तो जन्मभरासाठी नेमला जातो, आणि एका कामासाठी नेमलेला पालक सगळ्याच कामांचा मालक होतो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की प्रौढाचे पालकत्व मागताना आणि देताना कोणत्या निर्णयासाठी आणि किती काळासाठी, हे लिहिल्याशिवाय ते मागूही नये आणि देऊही नये.

हा विचार परदेशातून आणलेला नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे बारावे कलम पुन्हा वाचावे. एरवी भान नसलेला माणूस भानावर असेल त्या काळात करार करू शकतो, असे ते सांगते, आणि उदाहरण देते ते थेट मनोरुग्णालयातल्या रुग्णाचे. माणसाची क्षमता प्रसंगानुसार पाहायची असते, हे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या कायद्यात आले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे चौथे कलम पुढे जाऊन म्हणते की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याच्यात निर्णयक्षमता नाही असे ठरवता येणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या चौदाव्या कलमाने तर ‘मर्यादित पालकत्व’ ही व्यवस्थाच आणली. विशिष्ट निर्णय, विशिष्ट काळ, दोघांनी मिळून घेतलेला निर्णय आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारा कारभार, अशी तिची चौकट आहे. त्याआधी नेमलेले पालकही यापुढे मर्यादित पालकच समजले जातील, असेही तिथे लिहिले आहे. कायदा इतका स्पष्ट असताना आपले, म्हणजे वकिलांचे, अर्ज मात्र अजून जुन्याच नमुन्यात पडतात. ‘शरीर व मालमत्ता’ हे दोन शब्द लिहिले की आपले काम झाले, असे आपण मानतो.

असे का होते? माझ्या मते याचे मूळ कुटुंबाच्या लोभापेक्षा खिडकीवरच्या मागणीत जास्त आहे. वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचे असते, बँकेचे खाते चालवायचे असते, सोसायटी पुनर्विकासाला गेली की करारनाम्यावर सही हवी असते. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळते, पालकत्वाचे प्रमाणपत्र आणा. घरी कुलमुखत्यारपत्र असते, पण करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे देणाऱ्याचे भान गेले की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी वडिलांनी तो कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी ठरतो. मग कुटुंब कोर्टात येते. गरज एका सहीची असते, मागणी सगळ्या माणसाची होते, आणि मसुदा लिहिणारे आपण असतो.

सगळा अधिकार एका हाती गेला की काय होऊ शकते, हे पुण्याला शिकवायला नको. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रियांची गर्भाशये आपल्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण सांगितले गेले. ते लपूनछपून झाले नव्हते. संस्था शासनाची, रुग्णालय शासनाचे, आणि सांभाळणाऱ्यांच्या लेखी ते त्यांच्या भल्याचेच होते. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबले. त्या बायकांना काय वाटते, हे कोणी विचारल्याची नोंद व्हावी असा एकही रकाना त्या व्यवस्थेत नव्हता. पंधरा वर्षांनी, 2009 मध्ये, चंडीगडच्या नारी निकेतनमधल्या एका तरुणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. प्रशासनाला तिचा गर्भपात करायचा होता, तिला मूल हवे होते. न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, कारण सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान स्त्रीची संमती कायद्याने अजूनही तिचीच होती. शिरूर आणि चंडीगड यांतला फरक एका प्रश्नाचा आहे, आणि तो प्रश्न म्हणजे, ‘तुला काय हवे?’

आता आईवडिलांचा आक्षेप. तो मला सर्वांत जड वाटतो. चाळीस वर्षे लेकराला न्हाऊ-खाऊ घालणाऱ्या आईला तुम्ही मुदत आणि मर्यादा सांगता? दर थोड्या वर्षांनी तिने पुन्हा रांगेत उभे राहायचे? त्या आईच्या मनात एकच प्रश्न असतो, आमच्यानंतर कोण? या प्रश्नाचा पूर्ण आदर ठेवून मी म्हणते की मुदतीची गरज याच प्रश्नासाठी आहे. आईचा अधिकार आईच्या प्रेमामुळे सुरक्षित असतो. तिच्यानंतर तोच अमर्याद आदेश भावाकडे, वहिनीकडे, पुतण्याकडे जातो, आणि कोथरूडमधल्या फ्लॅटची किंमत सर्वांना ठाऊक असते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब देणे बंधनकारक केले आहे. हिशेब मागणे म्हणजे आईवर अविश्वास दाखवणे नव्हे. तिच्या मागे येणाऱ्यासाठी घालून ठेवलेली ती शिस्त आहे. मात्र या कायद्याखाली पालक नेमणाऱ्या, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक स्तर समितीपुढे आईला वारंवार खेटे घालावे लागू नयेत, हे तिचे म्हणणे पूर्ण रास्त आहे. नूतनीकरण घरी येऊन करावे.

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या बाजूने येतो. पालकत्वच रद्द करा, माणसाला आधार द्या, असे संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने 2014 मध्ये सांगितले. इथे पुण्यातून बापू ट्रस्टच्या भार्गवी दवर यांनी ही बाजू वर्षानुवर्षे ठामपणे मांडली, आणि आपल्या व्यवसायाने ती पुरेशी ऐकली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दिशा हीच हवी. पण कोमातल्या माणसाची इच्छा आज कशी विचारणार? पेरूने 2018 मध्ये प्रौढांचे पालकत्व मोडीत काढले, तरीही इच्छा कळूच शकत नाही अशा प्रसंगी आधार नेमण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे ठेवला. शिवाय आपल्याकडे आदेश नसला म्हणजे माणूस मोकळा असतो असे नाही. एटीएमचे कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या खिशात असतो, झोपेतल्या हाताचा अंगठा कागदावर उमटतो. बिनकागदी पालकत्वाला हिशेब विचारणारे कोणीच नसते.

कायद्यातली खरी पोकळी मात्र वेगळीच आहे. राष्ट्रीय न्यासाचा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक रुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयात जाण्याचा रस्ता होता. 2017 चा नवा कायदा 2018 मध्ये अमलात आला आणि तो रस्ता बंद झाला. नव्या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता आहे, त्याला बँकेत कोणी विचारत नाही. त्यामुळे ज्यांची मुले अमेरिकेत आणि आठवणी विरत चाललेल्या, अशा वृद्धांच्या या शहरात डिमेन्शियाच्या रुग्णाच्या कुटुंबाला शिवाजीनगरच्या कोर्टाऐवजी बऱ्याचदा मुंबई गाठावी लागते. उच्च न्यायालय अनुच्छेद 226 खाली मदत करते. 2020 मध्ये या न्यायालयाने कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमले. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली. पण उच्च न्यायालयातली रिट हा मध्यमवर्गीय कुटुंबाचा रोजचा दरवाजा होऊ शकत नाही.

म्हणून राज्य शासनाकडे दोन मागण्या कराव्यात, असे मी परिषदेला सुचवते. दिव्यांग हक्क कायद्याखालच्या अधिकाऱ्यांकडे डिमेन्शियाची प्रकरणे स्पष्ट आदेशाने सोपवावीत, आणि भान गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्रासाठी केंद्राकडे पाठपुरावा करावा. त्यासाठी वेळ लागेल. अर्जाचा नमुना मात्र आपल्याच हातात आहे. ‘शरीर व मालमत्ता’ या शब्दांच्या जागी खात्याचा क्रमांक लिहावा, फ्लॅटचा तपशील लिहावा, उपचाराचे नाव लिहावे. मुदतीची आणि फेरतपासणीची तारीख आपणच सुचवावी. ज्यांच्याविषयी अर्ज आहे त्यांना शब्दांनी, खुणेने किंवा चित्रांनी काय सांगायचे आहे, ते नोंदवणारा परिच्छेद विनंतीच्या आधी असावा. आणि ते काहीच सांगू शकत नसतील, तर आजवर त्यांनी काय निवडले, कोणावर विश्वास टाकला, ते तिथे यावे. तो परिच्छेद कोरा असलेला अर्ज पुण्यातल्या एकाही वकिलाने दाखल करू नये, असा ठराव मी आज या व्यासपीठावरून मांडते.