परीक्षा मुलांची, कसोटी घराची



नायगावातील अनेक घरांचा दिनक्रम लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे. आईवडील रात्री दमून परततात आणि पहिला प्रश्न येतो, ''अभ्यास किती झाला?'' दिवसभराचा संवाद या एकाच प्रश्नात संपावा, हे दहावी-बारावीच्या मुलांच्या मनावरील ओझ्याचे एक मोठे कारण आहे.

थोडा ताण उपकारकच असतो. यर्किस व डॉडसन यांच्या १९०८ मधील संशोधनावरून रूढ झालेला सिद्धांत हेच सांगतो. मर्यादा ओलांडली की मात्र कामगिरी घसरू लागते. झोप उडणे, पोटात गोळा येणे, पाठ केलेले न आठवणे ही त्याची लक्षणे होत. अभ्यासलेले झोपेतच मनात पक्के होते. म्हणून जागरणाचे कौतुक करू नये. रोज अर्धा तास खेळ आणि घरातील सर्वांचे एकत्र जेवण, एवढे तरी व्हावे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. वास्तविक, अनुत्तीर्णांना काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षेची संधी मिळते. मूल अबोल झाले, निरवानिरवीची भाषा बोलू लागले, तर त्याला एकटे न सोडता शांतपणे ऐकावे, डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

येथील जूचंद्र गाव रांगोळी कलावंतांसाठी ख्यातकीर्त आहे. एक रेघ चुकली म्हणून कलावंत रांगोळी पुसून टाकत नाही, रेघ सुधारतो. गुणपत्रिका ही अशीच एक रेघ आहे. ती चुकली तरी घराचे दार मुलासाठी उघडेच आहे, हे निकालापूर्वीच त्याला सांगावे.